लक्ष्मीबाईंचं माहेर

“लक्ष्मीबाईंपाशी येऊन सगळं ठप्प होतं बघ,” उल्हास वैतागून म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मिटला.

नीलिमा शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. मिल्टनच्या त्यांच्या घरात वंशावळीचा कारखाना बेसमेंटमध्येच चालायचा. टोरोंटोतली बँकेची नोकरी उरकून आला, की उल्हास जेवणाआधी वाडवडिलांना भेटायला खाली उतरे. पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, सगळे हाती लागले होते. पणजी तेवढी लागत नव्हती. लक्ष्मीबाई कोणाची लेक, कुठल्या गावची, कोणालाच ठाऊक नव्हतं.

“एवढं भरलेलं घर, आणि बाईचं माहेर कुठलं हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही! कमाल आहे आमच्या लोकांची.”

नीलिमाने हातातली चादर खाली ठेवली. “अहो, लक्ष्मी हे तुमच्या पणजोबांनी ठेवलेलं नाव. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं. माहेरी तिला त्या नावाने कोण ओळखणार? नाव सोडूनच द्या. ‘तुमच्या घरची मुलगी वाईला आमच्या घरात दिली होती का?’ एवढंच विचारा सगळ्यांना.”

उल्हासने लॅपटॉप पुन्हा उघडला. “हे मला कसं सुचलं नाही?”

तुम्हाला कसं सुचेल, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने पुन्हा चादर उचलली.

तिचंही नाव असंच गेलं होतं. लग्नात उल्हासने तांदळात ‘नीलिमा’ लिहिलं, टाळ्या पडल्या आणि अपूर्वा संपली. पुढे कॅनडाला यायच्या वेळी ‘अपूर्वा आणि नीलिमा ही एकच बाई’ असं प्रतिज्ञापत्र उल्हासनेच धावपळ करून आणलं. काम झालं, विषय मिटला. फक्त तिची आई रविवारी फोन करायची. आधी दबक्या आवाजात विचारायची, “जावईबापू जवळ आहेत का?” नाहीत म्हटलं की म्हणायची, “मग बोल, अपू.” जावयाने हौसेने ठेवलेलं नाव त्याच्यादेखत डावलायचं नाही, हा त्या माउलीचा शिरस्ता. गेल्या हिवाळ्यात आई गेली. वडील आधीच गेले होते, भाऊबहीण नव्हतंच. नीलिमाला अपू म्हणणारं जगात कोणी उरलं नाही, आणि हे दुःख कोणाला सांगायचं तर आधी ते नाव सांगावं लागलं असतं. उल्हासने एकदा आपणहून ते विचारावं, एवढीच तिची आशा होती.

उल्हासने वंशावळवाल्यांच्या ग्रुपांवर तसंच विचारलं आणि नीलिमाची युक्ती लागू पडली. उत्तर आलं राजापूरहून. चंद्रकांत नावाचे एक म्हातारे गृहस्थ व्हिडिओ कॉलवर आले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, “दिली होती ना! ठकू. माझ्या आजोबांची बहीण. आजोबा भाऊबीजेला गेले होते वाईला. लग्नातल्या मानपानावरून बिनसलेलं होतं. तुमच्या लोकांनी दारातूनच सांगितलं, ‘इथे ठकू नावाची कोणी राहत नाही.’ आजोबा तसेच परतले. पुन्हा कधी गेले नाहीत.”

उल्हासला आभाळ ठेंगणं झालं. शनिवारी त्याने तिथल्या मराठी मंडळातली चार घरं जेवायला बोलावली. बेसमेंटच्या भिंतीवर छतापासून खालपर्यंत वंशावळ लावली. लक्ष्मीबाईंच्या चौकटीत आता त्यांचं पहिलं नावही आलं होतं. नीलिमा सकाळपासून ओट्यापाशी उभी होती. उल्हासने शोधाची गोष्ट रंगवून सांगितली. युक्ती कोणाची होती, हे सांगायचं तेवढं राहून गेलं. दारातून परतलेल्या भावापाशी मात्र त्याचा आवाज खरोखरच भरून आला. “काय माणसं असतील हो! जिवंत बाई नावासकट पुसून टाकली.” त्याचा मित्र देवदत्त मान हलवत राहिला. देवदत्तच्या बायकोने डोळे टिपले.

जाई, त्यांची युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलगी, भिंतीजवळ जाऊन चौकटी वाचत होती. ती एकदम वळली. “बट बाबा, आईच्या बॉक्समध्ये पण फक्त नीलिमाच आहे. व्हॉट वॉज हर नेम बिफोर?”

उल्हास हसला. मग त्याने डोकं खाजवलं.

“अगदी जिभेवर आहे गं,” तो म्हणाला. “काहीतरी छानसं होतं.” पाहुणेही हसले. नीलिमा पुऱ्यांचं ताट घेऊन जिना उतरत होती. उल्हासने खिशातलं पेन काढलं आणि तिला हाक मारली. “अगं, सांग ना तुझं माहेरचं नाव. आत्ता लिहून टाकतो, हाय काय नि नाय काय!”

या प्रश्नाची तिने लग्न झाल्यापासून वाट पाहिली होती. तो आला, आणि तिला नुसता संताप आला. तिने ताट टेबलावर ठेवलं, पदराला हात पुसले.

“इथे त्या नावाची कोणी राहत नाही,” ती म्हणाली.