तळणाचा गुरुवार

खोट्या पापण्या चिकटवायला सहा वर्षांच्या मुलीच्या पापण्यांना गोंद लावला जात होता. ती डोळे घट्ट मिटून विचारत होती, "झालं का? झालं का?" होनोराता दारातच थांबली.

छोट्या मुलींच्या सौंदर्यस्पर्धेसाठी आरशांसमोर बारा पोरी बसल्या होत्या. केसांवरच्या फवाऱ्याचा उग्र दर्प. कोवळ्या गुडघ्यांवर चोपडलेला तपकिरी रंग. एक आई लेकीचं पोट दोन बोटांनी आत दाबून बघत होती, बाजारात टोमॅटो बघावा तसं. मधल्या टेबलावर पोंचेकचं ताट होतं, गुलाबाचा मुरंबा भरून तळलेले गोड गोळे, अजून कोमट. आज तळणाचा गुरुवार, ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्यापूर्वीचा. आज पोंचेक खाल्ला नाही तर वर्ष वाईट जातं, हे पोलंडात शेंबडं पोरही सांगेल. पण बारांतल्या एकीलाही कुणी ताटाजवळ फिरकू देत नव्हतं.

"आधी स्टेज, मग खाणं," ती आई म्हणाली. "पोट दिसलं तर परीक्षक काय म्हणतील?"

परीक्षक होनोराताच होती. अठरा वर्षांपूर्वी टोकियोत तिने जागतिक सौंदर्यस्पर्धेचा मुकुट जिंकला, तेव्हापासून गावचा हा गुरुवार तिच्या फोटोशिवाय सुरू होत नसे.

"चला होनोराताबाई, आपला नेहमीचा घास," छायाचित्रकार गेरार्ड म्हणाला.

तिने मोठा घास घेतला. गाल फुगवले, हसली, क्षणभर तशीच थांबली.

"अठरा वर्षं खाताय आणि कंबर तिथल्या तिथं. आमच्या बायकोला सांगा की गुपित."

बायका हसल्या. होनोराता भिंतीकडे वळली. कागदी रुमालाने तोंड पुसलं, रुमालाच्या चार घड्या घालून पर्समध्ये टाकला. तिच्या कोटाचं टोक धरून तिची लेक इगा उभी होती. तीही सहाचीच. इगा एकटक बघत होती.

"तेरावा नंबर रिकामा ठेवलाय हो," स्पर्धेची संचालिका कानाशी आली. "इगाला उभी करा. रक्तातच आहे पोरीच्या."

"माझी मुलगी या घाणीत उतरणार नाही."

"याच घाणीने नाव दिलं तुम्हाला, बाई."

"म्हणूनच सांगतेय. पोरीला याचा वारासुद्धा लागू दिला नाही मी."

परीक्षकाचा बिल्ला तिने टेबलावर ठेवला. चार पोंचेक कागदात गुंडाळले, इगाचा हात धरला आणि मागे न बघता निघाली. बर्फ तुडवत घरी पोचेपर्यंत तिचा श्वास जरा मोकळा झाला होता. पोर वाचली.

स्वयंपाकघरात तिने बशी पुढे केली. "खा. एक खा, चार खा. इथे कुणी पोट बघायला येत नाही."

इगाने मोठा घास घेतला. गाल फुगवले, हसली, क्षणभर तशीच थांबली. मग भिंतीकडे वळली. तोंडातला घास अलगद कागदी रुमालात काढला, रुमालाच्या चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

"आवडलं नाही का गं?" होनोराताने विचारलं.

"आवडलं."

"मग गिळ की, बाळा."

इगा गोंधळली. धडा नीट पाठ करूनही चुकल्यासारखी.

"पण आई, फोटो झाला की गिळायचं नसतं ना?"