तुकडा कोणाकडचा

प्रयोगशाळेतल्या बाई फोटो घेऊन येईपर्यंत नात कपाळावरची बट ओढून नाकापर्यंत पोचते का ते बघत होती. दोन वर्षांनी ओढण्याजोगे केस आले होते. रक्ताचा कर्करोग गेल्याचा रिपोर्ट सकाळीच हाती पडला होता. राहिला होता फक्त हा फोटो, आजार होता तेव्हाच्या पेशींचा.

"सांगा बाई एकदाचं," नातीच्या आईची आई खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "दुखणं कोणाच्या घरून आलं? आमच्याकडे सात पिढ्यांत कोणी शिंकलंसुद्धा नाही."

"आमच्याकडे शिंकायला सवड कोणाला होती, विहीणबाई!" बाबांकडच्या आजीने फटकन उत्तर दिलं. दोन वर्षं ती अशीच ठासून बोलत आली होती. साठ वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ असाच पांढराफटक पडत पडत वारला होता, अंगावर निळे डाग घेऊन. हे तिने पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं.

बाईंनी फोटोवर पेन्सिल टेकवली. गुणसूत्रांच्या जोड्या ओळीने मांडल्या होत्या, धुवून वाळत घातलेल्या मोज्यांसारख्या. "प्रत्येक जोडीत एक बाबांचं, एक आईचं. आजारी पेशींत हे बाबांकडचं तुटलं, हे आईकडचं तुटलं आणि तुकडे भलत्याच जागी चिकटले."

"म्हणजे दोन्हीकडचा दोष?" सुनेचा आवाज बारीक झाला.

"कोणाचाच नाही. तुम्ही दोघांनी दिलं ते धडधाकट होतं, तुमचं रक्त तपासलंय मी. तुटलं ते नंतर. हिच्याच हाडांतल्या मज्जेत, एका पेशीत. तिथूनच वाढलं."

"भाऊ असला तरी?" आजीच्या तोंडून निसटलं.

मुलगा वळला. "कोणाचा भाऊ?"

"माझा. हिच्याएवढा होता." आजीने नातीकडे बोट केलं आणि ते तसंच राहिलं.

"त्याला काय झालं होतं ते मी नाही सांगू शकणार," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण हिचं त्याच्याकडून आलेलं नाही, आजी."

आजी खुर्चीत मागे टेकली. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच.

विहीणबाईंनी घसा खाकरला. "माझी मावशी... तीही अशीच गेली."

"अहो, सात पिढ्या ना तुमच्या?"

"शिंकत नव्हती हो ती!"

आधी सून हसली, मग मुलगा. आजीला तर हसता हसता डोळे पुसावे लागले, आणि तिने रुमाल विहीणबाईंपुढे धरला.

तेवढ्यात बट एकदाची नाकापर्यंत पोचली. नात खोली दणाणेल अशी शिंकली.

"ही कोणाकडून आली?" तिने विचारलं.

"आमच्याकडून!" दोघी एकदम म्हणाल्या.