अकरावी पाटी

शुक्रवार, ९ जुलै १९४८. सकाळी साडेदहाला रखमाजी अंबडच्या आपल्या जुन्या शाळेत मागच्या फाटकाने शिरला. पिशवीत खिळे उपटायची पकड होती.

वसतिगृहाच्या ज्या ओट्यावर तो पाच वर्षं जेवला, तिथे बंदुका भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. निजामाच्या खाकीवाल्या रझाकारांची छावणी पडून आठवडा झाला होता. अंगणातल्या चिखलावर त्यांनी वर्गातले फळे आडवे टाकले होते. एकावर अजून अर्धं गणित होतं आणि बुटाचा ठसा.

शाळा सोडणाऱ्या मुलाने आवारात कडुलिंब लावायचा आणि नाव-गाव लिहिलेली पत्र्याची पाटी त्याला बांधायची, खोड जाड झालं की शिपायाने ती ठोकायची, ही शाळेची रीत होती. दहा वर्षांपूर्वी मनाई असलेलं गीत म्हटल्याबद्दल अकरा मुलांना काढून टाकलं, रजिस्टरातलं त्यांचं पानही फाडलं. तरी जाण्याआधी त्यांनी विहिरीजवळ झाडं लावली. रखमाजी त्यांतला एक.

अकराही झाडांवर पाटी नव्हती. नुसते खिळे होते.

"आत्ता आलास व्हय?" शाळेचा म्हातारा शिपाई मल्हारी विहिरीआडून पुढे आला. "दहा सालांत झाडाला तांब्याभर पाणी घातलं न्हाईस. अन् आज पकड घेऊन?"

"मल्हारीमामा, पाट्या?"

"हळू बोल. काल दुपारी मीच काढल्या. हिरीत टाकल्या."

रखमाजीने श्वास सोडला. "सगळ्या?"

"दहा."

"अकरा होत्या."

"एक माझ्या आधीच कोणी नेल्ती. बुधवारी होती, काल न्हाई."

"कोणाची?"

"मी झाड वळखतो, अक्षर न्हाई. ते बघ, तिसरं. वाकडं."

ते धर्मराजचं झाड होतं. रोप तिरपं लावलं म्हणून सगळे त्याला हसले होते. धर्मराजच्या नावाचं वॉरंट वर्षभर फिरत होतं. त्याचं गाव पोलिसांना माहीत नव्हतं. घनसावंगीकडच्या त्या वाडीत तो तापाने पडून होता; परवाच रखमाजीने जालन्याहून त्याला औषध पाठवलं होतं.

"दहा वर्षांत पत्रा गंजला असेल," रखमाजी म्हणाला. "गाव वाचता येणार नाही. हो ना मामा?"

मल्हारीने विहिरीकडे बोट दाखवलं. विहिरीच्या कठड्यावर शेंदरी रंगाचा डबा होता, त्यात बारीक कुंचला.

"दर दसऱ्याला घोटून राह्यलो मी," तो म्हणाला. "एक रेघ पुसू दिली न्हाई. लेकरं परत येतील, झाड सापडलं पाहिजे त्यांना."

पावणेअकराला रखमाजी मागच्या फाटकाने बाहेर पडला. पावसाने घनसावंगीकडची मोटार बंद होती. काळ्या मातीच्या रस्त्याने तो पायीच निघाला. वाडी अठरा मैलांवर होती.

रविवारी संध्याकाळपर्यंत तो जालन्याला परतलेला नव्हता. वाडीहूनही कोणी आलेलं नव्हतं. शाळेत तिसऱ्या झाडाचा खिळा तसाच होता. मल्हारीने रंगाचा डबा विहिरीत टाकला होता.