गाणारी कुठे उभी आहे

पंखा बंद होता. पंख्याच्या घरघरीत गाणं नीट कळत नाही, असं अकोल्याच्या दुकानातून आलेल्या अविनाशचं म्हणणं. कपाटावर दोन स्ट्रीमर शेजारी शेजारी ठेवलेले, एक काळा, एक चंदेरी, आणि दोन्हींवर मिळून एक टॉवेल टाकलेला. इंटरनेटवरचं गाणं उचलायचं आणि स्पीकरच्या गळ्यात उतरवायचं, एवढंच त्या पेट्यांचं काम. दोन्हींतली एक आज वडनेरच्या या माडीवर राहणार होती.

"सांगा काका, आता कोणती वाजून राह्यली?"

"काळी," उत्तमराव म्हणाले.

अविनाशने टॉवेल उचलला. दिवा चंदेरीवर होता. हे तिसऱ्यांदा झालं.

उत्तमराव जिनिंगचे मालक. कापूस नुसता चिमटीत धरून प्रत सांगणारा माणूस. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "दोन्ही सारख्याच आहेत. उगा नाव मोठं."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, सुभद्राबाई, चहा घेऊन वर आल्या. अविनाशचा धंद्यातला एक नेम होता. घरातल्या बाईनं हो म्हटलं की विकलेली पेटी परत येत नाही.

"काकू, तुम्ही बसा बरं मधात. तुम्हीच सांगा."

"तिले काय समजते?" उत्तमराव म्हणाले. "कप ठेव अन् जा वं."

"बसू द्या ना काका. पाच मिनिटांचं काम."

दोन स्पीकरच्या समोर, बरोबर मध्ये, एकच खुर्ची होती. उत्तमरावांची. ते कुरकुरत उठले आणि डाव्या स्पीकरजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. सुभद्राबाई खुर्चीच्या काठावर टेकल्या. गाणी ऐकण्याची ही खोली होऊन तीन वर्षं झाली होती. आजवर त्यांनी ती खुर्ची झाडताना सरकवली तेवढीच.

गाणं सुरू झालं. एक बाई गात होती, सोबत सारंगी आणि तबला. अविनाशने टॉवेलखाली पेटी बदलली. पुन्हा बदलली.

"आधीच्या पेटीत ती बाई श्वास घेते ते ऐकू येते," सुभद्राबाई म्हणाल्या. "या पेटीत नुसती गाते."

तीनदा विचारलं, तीनदा त्यांनी श्वासाची पेटी बरोबर ओळखली. ती चंदेरी होती. अविनाश खुश झाला. "कान तर घरातच होता की काका."

उत्तमराव हसले नाहीत. "बायापोरींसंगं घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत गल्लीभर फिरायची. तेवढंच येते तिले."

"फिरायची," सुभद्राबाई म्हणाल्या.

"आता शेवटचं, काकू. डोळे मिटा, अन् गाणारी कुठे उभी आहे ते सांगा."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.

"उजवीकडं. पार खिडकीजवळ."

अविनाश गोंधळला. गाणारी दोन स्पीकरच्या मधोमध उभी राहायला हवी होती. "अन् तबला? तबला डावीकडे असंल ना?"

"तो बी तिकडंच. सारे खिडकीजवळच उभे आहेत. दाटीवाटीनं."

अविनाश उठला. डाव्या स्पीकरच्या मागे वाकून त्यानं वायर काढली, पुसली, पुन्हा खोचली. स्पीकरला कान लावला. "वाजून तर राह्यला हा."

"वायर ढिली असंल," उत्तमराव म्हणाले. "नीट पाहा."

त्यानं बॅगेतली नवी वायर जोडली. पुन्हा गाणं लावलं, पुन्हा विचारलं. गाणारी खिडकीजवळच उभी होती.

"तुमचा मालच खराब आहे," उत्तमराव म्हणाले. "गुंडाळा अन् निघा."

अविनाशचं तोंड उतरलं. सुभद्राबाईंनी डोळे उघडले.

"त्याच्या मालाले काऊन नाव ठेवता? वायर चांगली आहे, भाऊ. माहा हा कान गेलेला आहे." त्यांनी डाव्या कानाला बोट लावलं.

"न्हाणीत पडली होती," उत्तमराव लगेच म्हणाले.

"न्हाणीत पडल्यावर गालावर पाच बोटं उठत नाहीत."

गाणं चालूच होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही. अविनाश जुनी वायर गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली, तरी गुंडाळत राहिला.

"चूप बस. परका माणूस बसला आहे."

"भुलाबाईची गाणी म्हणून घरी यायले अंधार पडला होता," त्या परक्या माणसालाच म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "एवढीच गोष्ट. त्याच्यानंतर नाही गेली."

अविनाशनं मान वर केली नाही. फोन चाचपत तो म्हणाला, "काकू, याच्यात बॅलन्स असते. एका बाजूचा आवाज कमी करून…"

"काही गरज नाही," उत्तमराव म्हणाले. "ऐकणारा मी आहे."

सुभद्राबाईंनी हात पुढे केला. अविनाशनं एकदा उत्तमरावांकडे पाहिलं, आणि फोन सुभद्राबाईंच्या हातात दिला. पडद्यावर एक आडवी रेघ होती, रेघेच्या मध्यावर ठिपका. त्यांनी तो बोटानं उजवीकडे लोटला. पार टोकापर्यंत.

डावा स्पीकर मुका झाला.

"आता बराबर," त्या म्हणाल्या. "मले असंच ऐकू येते. चंदेरी ठेवून जा, भाऊ." आणि त्या पहिल्यांदा खुर्चीत मागे रेलल्या.

खिडकीजवळ उभी राहून बाई गात होती. मधूनच श्वास घेत होती. उत्तमरावांनी नकळत शेजारच्या स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकवला, पाचही बोटं पसरून. जाळी थरथरत नव्हती.