जावयाला उत्तर

जावयाच्या पत्राला अण्णांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. संगणकावर आलेलं साधंच पत्र होतं. 'अण्णा, तुमचा संगणक हल्ली फार तापतो का? परवानगी दिलीत तर मी इथून जोडून बघतो. नको असेल तर राहू द्या.'

तापतो, हे याला सांगितलं कुणी? अण्णांनी तर कुणाजवळ ब्र काढला नव्हता.

संगणक जावयानेच बसवून दिलेला. अण्णा त्यावर दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या सूची करत; कुठलं नाव कुठल्या पानावर, ते शोधून मांडायचं. हल्ली ते नुसते बसले तरी आतला पंखा घरघरायला लागे. अक्षर दाबलं की उमटायला वेळ लागे. म्हणजे आत आणखी कुणीतरी काम करत होतं. आधी आत शिरून आता हा रीतसर परवानगी मागतोय, अशी त्यांची खात्री होत चालली. मग स्वतःचीच शरम वाटे. थोड्या वेळाने पुन्हा खात्री.

त्यांनी पडद्यावरच्या कॅमेऱ्यावर कागदाचा कपटा चिकटवला. लेकीशी फोनवर जपून बोलायला लागले. जावयाची चौकशी करणं तर बंदच केलं. लेकीला ते लागलं असावं. ती आता परस्पर आक्काला फोन करायची आणि अण्णांची खुशाली तिच्याकडूनच घ्यायची.

आक्का ही अण्णांची थोरली बहीण, त्यांच्याकडेच राहणारी. एका दुपारी तिने तो कपटा पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. अण्णांनी चाचरत मनातलं सगळं सांगितलं.

"तुझ्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?" आक्का म्हणाली. "क्षपासून सुरू होणारी नावं? आणि तापतं हे मीच कळवलं तुझ्या लेकीला. माझे मोजे वाळतात तुझ्या त्या डब्यामागच्या वाऱ्यावर."

अण्णा वरमले. पण संशय एवढ्यात उठून जाणारा नव्हता. कळवलं आक्काने, ठीक. पण तापवतंय कोण?

आक्काने चष्मा लावला आणि पडद्याकडे वाकून पाहिलं. "आणि मासे कुठे गेले रे?"

मागल्या खेपेला जाताना लेकीने त्यांच्या पडद्यावर मासे सोडले होते. शेपट्या हलवणारे, बुडबुडे काढणारे. खोलीत काहीतरी हलतं असावं, अण्णांना एकटं वाटू नये, म्हणून. अण्णांचं मात्र त्यांच्यापायी पानांच्या आकड्यांवरून लक्ष उडे. काढून टाकायचा धीर होईना. लेकीने विचारलं तर खोटं कसं बोलायचं? मग सेटिंगमध्ये 'पारदर्शकता' असं लिहिलेली एक सरकती खूण सापडली. ती त्यांनी पार टोकाला नेली आणि मासे दिसेनासे झाले. काढलेही नाहीत, आणि त्रासही नाही. आपल्या युक्तीचं त्यांना तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

"घालवलेस ना?"

"नाही गं. लपवलेत."

एवढं बोलून अण्णा थबकले. प्रोसेसरला कोण किती राबवतंय ते दाखवणारी यादी त्यांनी उघडली. इतके दिवस ती उघडायला ते भीत होते. तिथे खरंच जावयाचं काही सापडलं तर? यादीत सगळ्यात वर मासे होते. निम्म्याहून जास्त ताकद तेच खात होते.

अण्णांनी ती खूण मागे सरकवली. एकेक मासा पुन्हा उमटला. कुणी बघत नसताना संगणक एवढे दिवस त्यांची शेपूट न् शेपूट, बुडबुडा न् बुडबुडा रेखत बसला होता.

त्यांनी बरेचसे मासे काढून दोनच ठेवले. चित्र सेकंदाला साठदा काढलं जात होतं, ते पंधरावर आणलं. पडद्यावर दुसरं काही उघडं असलं की माशांनी थांबायचं, हेही नेमून दिलं. पंखा धापा टाकत टाकत गप्प झाला. आक्काने डब्यामागे हात धरून पाहिला आणि मोजे उचलून उन्हात नेले.

अण्णा पत्र लिहायला बसले. आधी सगळंच लिहिलं, आपण काय काय समजलो ते. वाचवेना, म्हणून खोडलं. मग माफी लिहिली. ती एखाद्या प्रस्तावनेसारखी वाटायला लागली; तीही खोडली.

आक्का परत येऊन मागे उभी होती. "झालं ना काम? मग आता गरज नाही म्हणून कळव आणि ऊठ."

अण्णांनी मान हलवली. नाही म्हणून. मग एका बोटाने सावकाश टाइप केलं.

'संगणक आता तापत नाही. तरी तुम्ही एकदा जोडून बघा. केव्हाही.'

आणि पुन्हा वाचायचा मोह व्हायच्या आत पाठवून दिलं.