अनुकूल बाजू
शाळेतल्या वादविवादाचा विषय होता: ‘अतिरेकी हेच इस्लामचे खरे प्रतिनिधी आहेत’. बाजू चिठ्ठीनं ठरायची, पण शिंपीकाम करणाऱ्या अब्बूंनी मशीन थांबवून लेकीकडून फक्त विरोधी बाजूच घोटून घेतली होती. नेमकी अनुकूल निघाली! “तुझं नाव मागं घेऊ का?” बाईंनी विचारलं. मागं घेतलं तर वर्ग घाबरट म्हणणार, बोललं तर अब्बूंच्या जिवाला लागणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी पहिल्या रांगेतल्या अब्बूंकडे न बघता ती बोलली, आणि असं बोलली की पोरांनी टाळ्या वाजवून सभागृह डोक्यावर घेतलं. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. घराच्या वाटेवर अब्बू म्हणाले, “झकास बोललीस. आता आपली बाजू ऐकव.” तिनं तोंड उघडलं, पण टाळ्या मिळवलेली वाक्यंच ओठांवर येऊ लागली. जिन्यापाशी अब्बू थांबले. “घरात शिरायच्या आत सांग, बेटा.”