पाच वॅटचं हृदय

चार वर्षांच्या शाल्मलीचं हृदय ज्या यंत्रावर चालायचं, त्याला भिंतीवरचा ट्रान्समीटर बिनतारी शक्ती पुरवायचा. हल्ली ती एक जिना चढली तरी धापा टाकत होती. त्या ट्रान्समीटरवरचा मीटर मात्र छातीठोकपणे पाच वॅट दाखवत होता.

वृंदाने ट्रान्समीटरची अँटेना काढून तिथे एक बल्ब जोडला. तसाच दुसरा बॅटरीवर लावून, व्होल्ट आणि अँपिअर मोजून, त्याला बरोबर पाच वॅट दिले. तेवढा वेळ लेकीच्या छातीतल्या बॅटरीतला साठा पुरणार होता.

"दृष्ट काढायची सोडून दिवे कसले लावतेस?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तेवढा पडदा ओढा."

ट्रान्समीटरचा बल्ब मंद, पिवळट दिसला. म्हणजे मीटरच खोटा होता. दूध पीत नाहीस म्हणून दमतेस, असं वृंदा रोज पोरीलाच रागावत होती.

तिने ट्रान्समीटरची शक्ती वाढवायचं बटण हळूहळू फिरवलं. "सारखे दिसले की सांग हं, चिमणे."

"अजून... अजून... बास. आता जुळे झाले."

अँटेना पुन्हा जोडली. शाल्मली थोडा वेळ आईच्या मांडीवर पडून राहिली, मग चुळबुळायला लागली.

"सोड ना. आजी, मला पकड."

सासूबाईंनी पदर खोचला.